देव सोडला म्हणून पोरगं खोटं बोलायला लागलं का?

"गणपतीत ह्यानं सांगितलं, मी देव मानत नाही. दिवाळीत कळलं की दोन महिने आमच्याशी खोटं बोलतोय. मॅडम, देवाची भीतीच गेली, आता हा कशाला थांबणार?"

सांगलीकडच्या एका आईचा हा प्रश्न. अशी काळजी घेऊन समुपदेशनाला येणारी बरीच घरं असतात. त्यांतल्या दोन-तीन हकिगती एकत्र करून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून ही मांडली आहे. मुलगा 19 वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, माळकरी. मुलाने मेसचे म्हणून महिन्याला 3,200 असे दोन महिन्यांचे 6,400 रुपये मागवले. प्रत्यक्षात मेस बंद केली आणि त्या पैशांतून एम-टूचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताचा क्लास लावला, कारण त्या विषयात बॅक लागला होता, म्हणजे तो नापास झाला होता. रात्रीचं जेवण वडापावावर चालायचं. गावाकडच्याच एका मुलाने दिवाळीत सहज विचारलं, "अरे, तू हल्ली मेसला दिसत नाहीस?" आणि सगळं उघडं पडलं.

पहिल्या बैठकीला आईवडील दोघेच आले. अशा वेळी मुलाला लगेच समोर बसवू नये. तो आरोपीसारखा बसतो आणि आईवडील साक्षीदारांसारखे बोलतात. त्या 50 मिनिटांत आईवडिलांकडून एकच काम करून घेतलं: कोऱ्या कागदावर तारखा. मुलगा पहिल्यांदा खोटं कधी बोलला? आईने आधी "दिवाळी" लिहिलं. मग थांबून म्हणाली, "तसं आठवीत ट्यूशनला दांडी मारायचा. गळ्याशपथ सांग म्हटल्यावर गळ्याला हात लावून म्हणाला होता, गेलो होतो." तेव्हा तो रोज संध्याकाळी वडिलांबरोबर हरिपाठाला बसत होता. कागदावर आठवीची ओळ आली आणि आई थोडा वेळ गप्प राहिली.

दुसऱ्या बैठकीत मुलगा एकटा होता. त्याच्याकडून कळलेल्या गोष्टीने तो कागद आणखी बदलला. देवावरचा विश्वास बारावीतच गेला होता. पुढची दोन वर्षं तो आरतीत टाळ्या वाजवत होता, एकादशी धरत होता, आणि आईला बरं वाटावं म्हणून गप्प होता. म्हणजे गणपतीतलं वाक्य हे दोन वर्षांतलं पहिलं खरं वाक्य. त्यावर घरात काय झालं? वडील आठ दिवस बोलले नाहीत. आई रडली, मामाला फोन गेला, मामाने "पुण्याचं वारं लागलं" असं निदान केलं. पुढच्याच आठवड्यात निकाल लागला. खरं सांगितल्यावर घरात काय होतं ते मुलाने नुकतंच पाहिलं होतं. त्याने निकाल दाबला.

ही साखळी आईवडिलांना दाखवणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक पाऊल. "तुमच्यामुळे तो खोटं बोलला" असं त्यांच्या कानावर गेलं की ते उठून जातात, आणि ते खरंही नसतं. 6,400 रुपयांचं खोटं मुलाचंच. मात्र ते नास्तिकपणातून आलं नव्हतं. खरं सांगण्याची किंमत त्या घरात एकदम वाढली होती, त्यातून आलं होतं.

आता आईचा मूळ प्रश्न: देवाची भीती नसेल तर माणूस थांबतो कशाने? तिला उलटा प्रश्न टाकला. "उद्या देवानेच सांगितलं की शेजारणीची बांगडी उचल, तर उचलाल?" "देव असं सांगणारच नाही." "का?" "चोरी वाईट ना!" चोरी वाईट आहे हे तिला देवाला न विचारता माहीत होतं. लॅरी न्यूची या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात आमिश-मेनोनाइट या कडक ख्रिस्ती पंथातल्या आणि सनातनी ज्यू घरांतल्या मुलांना जवळपास हेच विचारलं होतं. साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी काम करू नये हा नियम देवाने काढला तर काम चालेल, असं मुलं म्हणाली. पण देवाने चोरीला परवानगी दिली तरी चोरी चुकीचीच, असं बहुतेकांचं उत्तर होतं. विधी आणि नीती ही दोन खाती मुलं लहानपणीच वेगळी ठेवतात. मोठेपणी आपण ती एकत्र करतो.

मग रोजच्या वागण्यात फरक पडतो का? 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या 1,252 प्रौढांना तीन दिवस, दिवसातून पाच वेळा फोनवर विचारलं गेलं, की गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगलं किंवा वाईट केलंत का. धार्मिक आणि अधार्मिक लोकांनी केलेल्या चांगल्या-वाईट कृतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. धार्मिक लोकांना चुकीची टोचणी आणि चांगल्याचा अभिमान मात्र जास्त तीव्र वाटत होता. आईला हे दोन्ही सांगितलं. तिची टोचणी खरी आहे, पण मुलाला टोचणीच नाही असा त्याचा अर्थ निघत नाही.

वडिलांना अभ्यासांत रस नव्हता. त्यांनी विचारलं, "पण शपथेलाच अर्थ नाही म्हटल्यावर विश्वास ठेवायचा कशावर?" घरातलं खरं दुखणं इथे होतं. लहानपणापासून खरं-खोटं ओळखायचं त्यांच्याकडे एकच हत्यार होतं, शपथ. ते हातातून गेलं होतं आणि दुसरं नव्हतं. त्यांना विचारलं, "दुकानात संध्याकाळी गल्ला जुळला नाही तर तुम्ही काय करता?" "रोजमेळ उघडतो. पावत्या लावतो. कुठं चूक झाली बघतो." "हमालाला माउलीची शपथ घालत नाही?" ते हसले. "शपथेनं गल्ला जुळत नाही हो." पुढच्या सगळ्या बैठकांत आम्ही हाच रोजमेळ वापरला. (तरीही शपथ हवीच असेल तर आपली राज्यघटनाही दोन वाटा ठेवते: आमदार "ईश्वरसाक्ष" शपथ घेऊ शकतो किंवा "गांभीर्यपूर्वक" प्रतिज्ञा करू शकतो. दोन्हींचं वजन सारखंच.)

मुलाकडेही स्वतःची एक अंधश्रद्धा होती. तो फोनवर एक बातमी दाखवत म्हणाला, "हे बघा, अधार्मिक घरातली मुलं जास्त वाटून खातात." तो अभ्यास 2015चा, सहा देशांतल्या 1,170 मुलांचा, आणि जगभर गाजलेला. पण त्यात देशांना दिलेले 1, 2, 3 असे क्रमांक खऱ्या मोजमापासारखे धरले गेले होते. ती चूक सापडल्यावर 2019 मध्ये तो मागे घेतला गेला. हे त्याला ठाऊक नव्हतं, तपासायची गरजही वाटली नव्हती. "मी घरात देवाबद्दल खरं बोललो, म्हणजे मी खऱ्याचाच माणूस" असा शिक्का त्याने स्वतःवर मारून घेतला होता आणि त्याच शिक्क्याखाली मेसचे पैसे मागवले होते. वडिलांची माळ आणि मुलाचा नास्तिकपणा, दोन्ही प्रमाणपत्रासारखी वापरता येतात. या वयातल्या मुलाला हे सांगताना आवाज चढवायचा नाही, फक्त 6,400चा आकडा समोर ठेवायचा.

चांगले नास्तिक किती आणि चांगले आस्तिक किती, या याद्यांच्या लढाईत उतरू नये. मुलगा आगरकरांचं नाव घेतो: कराडजवळच्या टेंभूचे, एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची आशा धरू नकोस असं आईला आधीच कळवणारे. वडील गाडगेबाबांचं नाव घेतात. मग एक जण भोंदू बाबा काढतो, दुसरा नास्तिक हुकूमशहा. याने कोणाचंही मत हलत नाही आणि बैठकीची 20 मिनिटं जातात.

तिसऱ्या बैठकीत तिघांनी मिळून एक पान लिहिलं. चूक मुलाने स्वतःहून 48 तासांच्या आत सांगितली तर आरडाओरडा नाही, मामाला फोन नाही, आणि देवाचा विषय त्यात आणायचा नाही. चुकीची भरपाई मात्र सुटणार नाही. 6,400 रुपये दरमहा 800 प्रमाणे आठ हप्त्यांत परत, मुलाने शिकवण्या घेऊन कमावलेल्या पैशांतून. रविवारी रात्री 20 मिनिटांचा फोन, त्यात आठवड्याचा खर्च त्याने वाचून दाखवायचा. रोज स्क्रीनशॉट मागायचे नाहीत. पाळत ठेवली की मुलगा फक्त जास्त हुशारीने लपवायला शिकतो. "गळ्याशपथ सांग" या वाक्याच्या जागी तीन प्रश्न: काय झालं, कधी, आता काय करायचं? पूजेबद्दल: तो संकल्पाला बसणार नाही, पंगतीत वाढायला असेल, प्रसाद खाईल, टिंगल करणार नाही. पाहुण्यांना "बरं नाही त्याला" असं सांगायचं नाही, कारण ते घरानेच बोललेलं खोटं.

शेवटच्या ओळीवर वडील अडले. पाहुण्यांना काय सांगायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी "तो वाढायला आहे" एवढंच सांगायचं ठरलं.

आणखी एक गोष्ट वडिलांच्या लक्षात आणून दिली. हरिपाठ सुटला तेव्हा मुलाची फक्त भक्ती सुटली नाही. रोजची वीस मिनिटं वडिलांच्या शेजारी बसणं सुटलं, चार ओळखीची माणसं सुटली. धार्मिक लोक जास्त दान करतात, मदतीला धावतात असं सर्वेक्षणांत दिसतं, तिथेही मोठा वाटा त्या मंडळींतल्या मैत्रीचा असतो. श्रद्धा गेलेल्या मुलाला अशी एखादी जागा लागते. याने कॉलेजच्या एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) नाव घातलं.

तपासायची गोष्ट वेगळीच होती आणि ती मुलगा आला त्या पहिल्याच दिवशी तपासली. जेवण तोडलेला, एकटा पडलेला, नापास झाल्याचं लपवणारा मुलगा: झोप कशी आहे, वजन उतरलंय का, जगणं नकोसं वाटतं का, हे त्याला थेट विचारलं. विचारल्याने असले विचार डोक्यात येत नाहीत. त्याची झोप बिघडलेली होती, बाकी धोका नव्हता. श्रद्धा एकाएकी जाण्याबरोबर "कशालाच अर्थ नाही" हे वाक्य वारंवार येत असेल तर नीतीची चर्चा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. सरकारचा टेलिमानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.

ठरलेलं पान तिसऱ्या आठवड्यातच दोन्हीकडून मोडलं. रविवारच्या फोनवर हिशेबात 250 रुपये जुळेनात आणि आईच्या तोंडून सवयीने "गळ्याशपथ सांग" निघालं. त्याने फोन ठेवला आणि त्या रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपवासावरचा एक टवाळ विनोद टाकला. अशा वेळी नवं पान लिहू नये. जुनंच काढावं आणि कुठली ओळ कोणी मोडली तेवढं दाखवावं. आईने वाक्य मागे घेतलं, त्याने विनोद पुसला. 250 रुपये झेरॉक्सचे निघाले.

आईने दिवाळीनंतर सोळा सोमवार धरले होते. ते सोडायला तिला कोणी सांगितलं नाही. पंधराव्या सोमवारी दुपारी मुलाचा फोन आला: निकाल सकाळीच लागला, एम-टू पुन्हा राहिला. आईने वडिलांना दुकानात फोन लावला. तिकडून एवढंच विचारणं आलं, की परीक्षेचा फॉर्म कधी भरायचाय आणि फी किती. उद्यापनाला तो घरी आला, संकल्पाला बसला नाही, चुरम्याचे लाडू वाढत फिरला. मामाने विचारलंच, "हा का बसला नाही?" "तो वाढायला आहे," वडील म्हणाले. हप्ते अजून चार बाकी आहेत.