टायडीबीच्या मर्यादा : वाचकांचे प्रश्न

मायएसक्यूएल सोडून टायडीबीवर (मायएसक्यूएलसारखाच, पण अनेक मशिनवर पसरलेला डेटाबेस) गेलेल्या वाचकांची पत्रं बरीच आली आहेत. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : लॉगच्या टेबलातले ४ कोटी जुने रो (ओळी) एकाच डिलीटने काढायला गेलो, तर मेमरीची मर्यादा ओलांडल्याची ८१७५ क्रमांकाची एरर आली. मायएसक्यूएलवर हे काम रात्रभर चालायचं, पण पार पडायचं.

उत्तर : टायडीबीत ट्रान्झॅक्शनचे (एकत्र पार पडणाऱ्या बदलांच्या गटाचे) सगळे बदल कमिट म्हणजे पक्के होईपर्यंत टायडीबी सर्व्हरच्या मेमरीत साठतात. तुमच्या टेबलावर तीन इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) असतील, तर एका रोमागे चार की (साठवणीतल्या नोंदींच्या किल्ल्या) पुसाव्या लागतात : एक रोची, तीन इंडेक्सच्या. म्हणजे १६ कोटी की. एका कीला ४० बाइट धरले तरी ६.४ जीबी होतात, आणि एका क्वेरीला मुळात मिळते १ जीबी. (६.५ च्या आधीच्या आवृत्त्यांत ट्रान्झॅक्शनच्या आकारावरच १०० एमबीची वेगळी मर्यादा होती. तिथे ८००४ क्रमांकाची एरर येते.) हा कोटा वाढवून काम होईलही, पण त्या सर्व्हरवरच्या बाकीच्या क्वेरींची मेमरी तुम्ही खाल. तो मार्ग आम्ही सुचवणार नाही.

६.१ पासून यासाठी खास रचना आहे : ‘बॅच ऑन आयडी लिमिट ५०००’, आणि त्यापुढे नेहमीचं डिलीट. आयडीच्या क्रमाने पाच-पाच हजारांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र कमिट होतो. आधी ‘ड्राय रन’ घालून तुकडे कसे पडणार ते बघा. ज्या कॉलमवर तुकडे पाडायचे त्यावर इंडेक्स हवा, ऑटोकमिट (प्रत्येक विधान आपोआप कमिट होणं) चालू हवं, आणि हे विधान दुसऱ्या ट्रान्झॅक्शनच्या आत चालवता येत नाही. मध्येच बंद पडलं तर झालेले तुकडे परत येत नाहीत. डिलीट पुन्हा चालवलं तर बिघडत नाही. शिल्लक रकमेत १०० मिळवणारं अपडेट पुन्हा चालवलं, तर मात्र काही खात्यांत २०० जमा होतील.

बरेच जण त्याऐवजी ‘डिलीट… लिमिट ५०००’ लूपमध्ये फिरवतात. पहिल्या फेऱ्या झटपट होतात, मग काम रेंगाळू लागतं. डिलीट केलेला रो लगेच नाहीसा होत नाही, त्यावर पुसल्याची खूण पडते. रोच्या जुन्या आवृत्त्या मुळात किमान १० मिनिटं राखल्या जातात आणि त्यानंतरच साफ होतात. तोवर प्रत्येक फेरी सुरुवातीपासून त्याच खुणा ओलांडत पुढे जाते. लूपच करायचा असेल तर शेवटचा आयडी लक्षात ठेवून पुढची फेरी तिथून सुरू करा. डिस्कवरची जागा लगेच मोकळी होत नाही, तेही याच कारणाने.

दर महिन्याला हेच करावं लागत असेल तर टेबलाचं तारखेवर पार्टिशन करा (वेगळे भाग पाडा) आणि जुनं पार्टिशन ड्रॉप करा. फक्त ८.४ च्या आधीच्या आवृत्त्यांत प्रायमरी की आणि प्रत्येक युनिक कीमध्ये ती तारीख असावी लागते.

प्रश्न : लाँगब्लॉब (मोठ्या फाइलींसाठीचा प्रकार) कॉलममध्ये ९ एमबीची पीडीएफ जात नाही. लाँगब्लॉब तर ४ जीबीपर्यंत असतो ना?

उत्तर : नावापुरता. टायडीबीत सगळे कॉलम धरून एक रो ६ एमबीच्या आत असावा लागतो. एन्ट्रीच्या आकाराची ही सेटिंग १२० एमबीपर्यंत वाढवता येते, पण तेव्हा टायकेव्हीमधली (प्रत्यक्ष डेटा साठवणारा भाग) राफ्ट (प्रती सारख्या ठेवण्याची पद्धत) एन्ट्रीची मर्यादाही (मुळात ८ एमबी) वाढवायला विसरू नका. एवढा खटाटोप करण्याआधी हे बघा : प्रत्येक रो राफ्टमार्फत सहसा तीन मशिनवर लिहिला जातो. फाइल ऑब्जेक्ट स्टोअरेजमध्ये ठेवा आणि टेबलात तिचा पत्ता.

प्रश्न : मराठी पत्त्यांसाठी व्हारचार(१०००) कॉलम केला. इंडेक्स करताना १०७१ एरर येते, इंडेक्सची की ३०७२ बाइटपेक्षा लांब आहे म्हणून. देवनागरी अक्षर तीन बाइटचं, म्हणजे तीन हजारच होतात की!

उत्तर : हिशेब बरोबर आहे, पण टायडीबी तो तसा करत नाही. यूटीएफ-८-एमबी-४ (मजकूर साठवण्याची पद्धत) मध्ये प्रत्येक अक्षराला कमाल ४ बाइट धरले जातात, मजकूर कोणत्याही लिपीत असो. ३०७२ भागिले ४ म्हणजे ७६८. त्यापुढे संपूर्ण कॉलमचा इंडेक्स होत नाही.

‘अक्षर’ म्हणजे काय, हेही इथे बघायला हवं. ‘महाराष्ट्र’ वाचताना चार अक्षरं दिसतात. डेटाबेसला मात्र म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी दहा दिसतात, म्हणजे ३० बाइट. इंग्रजी नावांचा अंदाज घेऊन ठरवलेली कॉलमची लांबी मराठीत म्हणूनच अपुरी पडते.

शोधण्यासाठी पहिल्या २०० अक्षरांचा इंडेक्स पुरे. तो युनिक मात्र करू नका, कारण पहिली २०० अक्षरं सारखी असलेले दोन वेगळे पत्ते एकच ठरतील. युनिकच हवं असेल तर पत्त्याच्या शा-२ हॅशचा (मजकुरावरून काढलेल्या ठरावीक लांबीच्या खुणेचा) जनरेटेड म्हणजे आपोआप भरणारा कॉलम करून त्यावर युनिक इंडेक्स ठेवा.

प्रश्न : आयडी १२० नंतर एकदम ३०००१ आला. रो गेले कुठे?

उत्तर : कुठेच गेले नाहीत. प्रत्येक टायडीबी सर्व्हर ३०,००० आयडींचा गठ्ठा आधीच स्वतःकडे घेऊन ठेवतो. तुमची दुसरी नोंद दुसऱ्या सर्व्हरने केली, एवढंच. त्यामुळे आयडीवरून नोंदींचा काळक्रम लावू नका. सलग क्रमच हवा असेल तर ६.४ पासून टेबल करताना ऑटो आयडी कॅश १ द्या. तरीही रोलबॅक झालेल्या (मागे घेतलेल्या) ट्रान्झॅक्शनचे आकडे वाया जाणारच, म्हणून बिलांचे क्रमांक यावर सोपवू नका.