मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांचा दर्जा कोकणापेक्षा खरंच कमी आहे का?

तुम्ही लिहिलंय की यजमानांची बदली रत्नागिरीहून बीड जिल्ह्यात झाली आहे, मुलगी दुसरीत जाणार आहे आणि नातेवाईक सांगतायत, तिला तिकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालू नकोस, तिकडं शिकवत नाहीत, तिकडची मराठीसुद्धा धड नाही. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मी दोन्हीकडे शिकवलं आहे. बारा वर्षं सिंधुदुर्गात आणि २०१८ पासून माझ्या स्वतःच्या बीड जिल्ह्यात.

२००६ साली कणकवली तालुक्यात शिक्षणसेवक म्हणून लागलो, महिना ३,००० रुपये मानधनावर. चिऱ्याच्या भिंतींची, कौलारू, पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. पट २३. दुसरे गुरुजी लातूर जिल्ह्यातले. म्हणजे अख्खी शाळा मराठवाड्याच्याच हातात होती.

पहिल्याच आठवड्यात मी वर्गात म्हणालो, "लेकरांनो, कशामुळं गलका करायलाव?" पोरं खो-खो हसली. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या वाडीत फिरलं. महिनाभरानं ग्रामशिक्षण समितीची बैठक झाली, तीत एक सदस्य उभे राहिले आणि मी समोर बसलेलो असताना म्हणाले, "घाटावरसून इलेल्या मास्तरांका धड मराठी बोलूक येणा नाय, ते आमच्या पोरांका काय शिकवतले?" कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. वय तेवीस, नोकरी कच्ची, भाड्याची खोलीही त्यांच्याच भावकीतली.

त्या रात्री पहिलीचं पुस्तक उघडून बसलो. त्यातली मराठी माझ्या आईची नव्हती, तशी त्या पोरांच्या आयांचीही नव्हती. पोरं घरी 'माका', 'खंय' म्हणायची आणि पुस्तकात 'मला', 'कोठे' वाचायची. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन रकाने आखले: तुमचा शब्द, माझा शब्द, पुस्तकातला शब्द. खंय, कुठं, कोठे. चेडू, पोरगी, मुलगी. इलंय, आलो, आलो. पोरांना याचा इतका नाद लागला की रोज घरून नवे शब्द आणायची. तिसरीतली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. ती आजीकडून माशांची नावं विचारून आली आणि स्वतः खडू घेऊन ती फळ्यावर लिहिली. सुंगटा, पेडवे, मोरी. माझा रकाना रिकामा राहिला, कारण आमच्याकडं मासे म्हणजे फक्त मासे. त्या दिवसापासून ती वाचायला लागली. एवढ्या वर्षांत कुठल्याही प्रशिक्षणात मला याहून मोठी गोष्ट कुणी शिकवलेली नाही.

चौथ्या वर्षी आमची तीन मुलं चौथीच्या शिष्यवृत्तीत आली. (तेव्हा परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची.) डिसेंबरपासून आम्ही दोघे सकाळी सातला वर्ग उघडत होतो. सत्काराला आलेले पाहुणे भाषणात म्हणाले, "कोकणच्या मातीतच बुद्धी आहे." टाळ्या पडल्या. ते समितीचे सदस्य पहिल्या रांगेत होते. मी मागं, सतरंज्यांच्या ढिगाजवळ उभा होतो. मुलं हुशार होती, यात वाद नाही. पण त्या मातीत शिकवणारे दोन्ही हात मांजरा-गोदावरीकडचे होते, हे त्या दिवशी कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मग २०१८ ला आंतरजिल्हा बदलीनं गावाकडं आलो. शिकवायची रीत तीच, तीन रकानेही तेच, उलट अनुभव बारा वर्षांनी वाढलेला. जुलैत माझ्या वर्गाचा पट ३८ होता. दसऱ्यानंतर ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या गाड्या लागल्या आणि दिवाळीची सुट्टी संपवून शाळा भरली तेव्हा वर्गात १७ लेकरं होती. आईबापानं मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे पैसे आगाऊ, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि कोयत्याबरोबर लेकरंही जातात, कारण धाकट्याला सांभाळायला कोणीतरी लागतं. सांगली, सातारा, कोल्हापूर, कर्नाटक. गुढीपाडव्याच्या आसपास परततात.

अशीच परतलेली चौथीतली एक मुलगी. तिची वही उघडली तर शेवटची तारीख ऑक्टोबरमधली. पुढच्या पानावर कोपीचं, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीचं चित्र, शेजारी बैलगाडी. तिला पाढा विचारला, सातच्या पुढं जाईना. मग विचारलं, एका खेपेला गाडीत किती मोळ्या बसतात, दोन खेपा झाल्या तर किती? क्षणात सांगितलं. मुकादमानं वजनात कुठं मारलं हेही सांगितलं. आता हिला चाचणीचा कागद दिला की ती 'अप्रगत'. आणि शाळेचा निकाल पाहून सिंधुदुर्गातला तोच सदस्य म्हणणार, बघा, मराठवाड्याचे मास्तर शिकवत नाहीत.

मास्तर तोच आहे हो! तिकडं माझ्या वर्गात अकरा मुलं असायची आणि अकराच्या अकरा जूनपासून एप्रिलपर्यंत समोर बसलेली असायची. बाप मुंबईला कामाला, पण घरी आई, आजी, आणि आई किमान सातवी शिकलेली. गृहपाठ बघायला घरात माणूस होता. इकडं जे माणूस घरी असायला हवं ते दोनशे-तीनशे किलोमीटरवर फडात वाकलेलं असतं. ज्या पश्चिम महाराष्ट्राच्या शाळांचे दाखले आम्हाला दिले जातात, तिथल्या कारखान्यांचं गाळप याच लेकरांच्या आईबापांच्या कोयत्यावर चालतं, हेही लक्षात असू द्या.

लोक दहावीचे निकाल तोंडावर फेकतात. २०२५ ला कोकण मंडळ ९८.८२ टक्के, लातूर ९२.७७. आकडे खरे आहेत. २०१२ ला वेगळं झाल्यापासून कोकण दर वर्षी पहिलं आहे आणि त्या पोरांचा मलाही अभिमान वाटतो. पण त्या मंडळात दोनच जिल्हे आहेत, विद्यार्थी राज्यात सर्वांत कमी. शिवाय दहावीच्या निकालावरून दुसरीचा वर्ग जोखता येत नाही.

इतिहासही थोडा बघा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ ला भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्याच काळात आम्ही निजामाच्या राज्यात होतो, तिथं सरकारी शिक्षण उर्दूतून. मराठीतून शिकवायला हिप्परग्याला, अंबाजोगाईला लोकांनी स्वतःच्या जिवावर शाळा उभ्या केल्या. माझे आजोबा मरेपर्यंत सही उर्दूत करायचे. मराठवाडा सुटला १९४८ ला, विद्यापीठ आलं १९५८ ला. ज्या घरात तिसरी पिढी शिकते आणि ज्या घरात पहिलीच शिकते, त्या दोन पोरांची तुलना करून 'दर्जा' ठरवणं मला मान्य नाही. आणि आमची पोरं पुढं गेली तरी सुटका नाही. लातूरची मुलं मेडिकलला लागली की लगेच 'घोकंपट्टी' म्हणतात.

आता आमच्या बाजूचं जे खोटं आहे तेही सांगतो. दहावी-बारावीला कॉपी चालणारी केंद्रं आमच्याकडं होती आणि काही आजही आहेत. त्यानं प्रामाणिक पोरांचं नाव मातीत जातं. गावात न राहता रोज तालुक्याहून ये-जा करणारे, साडेदहाच्या शाळेला अकराला येणारे मास्तरही आहेत. आणि कोकणवाल्यांची एक तक्रार शंभर टक्के खरी आहे: आम्ही तिकडं नोकरी मिळवतो आणि बदली करून निघून येतो. माझ्या जाण्यानं ती जागा दीड वर्ष रिकामी होती. ती २३ लेकरांची शाळा एका गुरुजींवर चालली. याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या मुलीचं. जिल्हा विचारू नका, ती एक शाळा बघा. वर्ग किती आणि मास्तर किती, मुख्याध्यापकाची जागा भरलेली आहे का, शाळेत हंगामी वसतिगृह, म्हणजे ऊसतोडीच्या महिन्यांत गावातच मागं राहणाऱ्या लेकरांची सोय, चालतं का. ते वेळेवर सुरू झालं तर लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात आणि वर्ग टिकतो. मंजुरी उशिरा आली तर लेकरू तोवर गाडीत बसून गेलेलं असतं. तिसरीतल्या कुठल्याही मुलाला मधलंच एखादं पान वाचायला सांगा, पाच मिनिटांत कळेल. जमलं तर दिवाळीनंतर एकदा जाऊन बघा, जूनमध्ये सगळ्याच शाळा भरलेल्या दिसतात. शहरात राहणार असाल तर माझं निम्मं बोलणं तुम्हाला लागू नाही, तिथं नगरपरिषदेच्या आणि खाजगी शाळांचा हिशोब वेगळा आहे. माझा मुलगा चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होता. पाचवीला तालुक्याला घातला, कारण आमची शाळा चौथीपर्यंतच आहे.

आणि एक. महिन्याभरात ती घरी येऊन म्हणेल, "आई, काय करायलीस? मी जेवायले." तिला हसू नका आणि पाहुण्यांसमोर दुरुस्तही करू नका. वहीत तीन रकाने आखून द्या, बाकी ती स्वतः भरेल.