त्याचा पत्ता त्याला परत द्या

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं. तुम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहता. दोन वर्षांपूर्वी लेकाच्या पहिलीच्या प्रवेशाला आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत जागेचा, फॉर्म भरताना यजमानांचं उत्पन्न कमी दाखवून दाखला काढलात. शाळा जवळ पडावी म्हणून कारेलीबागेतल्या नणंदेच्या घराचा भाडेकरार जोडलात. नंबर लागला. आता झोप लागत नाही, शाळेला सांगावं का, असं विचारता. यजमान म्हणतात, सगळेच करतात.

आणि शेवटी, जाता जाता एक ओळ: "कुणी विचारलं तर आत्याचा पत्ता सांगायचा, हे त्याला पाठ आहे."

मी तिथेच अडले. पोराला पहिल्यांदा आपण काय शिकवतो? नाव, वडिलांचं नाव, घर कुठे. गरब्याच्या गर्दीत हात सुटला तर सांगता यावं म्हणून. तुम्ही त्याच्याकडून नेमकं तेच काढून घेतलंत. वर्गातलं कुणी कधी तुमच्या घरी खेळायला आलंय का? "तुझ्याकडे येऊ?" म्हटल्यावर तो काय सांगत असेल? आरटीईची जागा आठवीपर्यंत असते. म्हणजे दुसरी झालेल्या या मुलाने अजून सहा वर्षं हे सांभाळायचं.

यजमानांच्या बोलण्याचा मात्र मला राग आला. २००९च्या कायद्याने खासगी शाळांत किमान २५ टक्के जागा ठेवल्या, त्या फी न झेपणाऱ्यांच्या मुलांसाठी. सोडतीत तुमचा नंबर लागला तेव्हा कुणाचा तरी गेला. तेही सयाजीरावांनी १९०६ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलेल्या बडोद्यात! जिच्या लेकाची जागा गेली, ती आई मला पत्र लिहीत नाही. तिला हे ठाऊकच नाही.

शाळेला सांगायचंच. पण आधी आज रात्री लेकाला जवळ घेऊन सांगा, "तो पत्ता खोटा होता, तुला बोलायला मी लावलं, चूक माझी. आपलं घर दांडिया बाजारात." मग याच आठवड्यात दोघं मुख्याध्यापकांकडे जा, लेखी द्या, जागा सोडा. प्रवेश रद्द होईल, मागची फी भरावी लागू शकते, कदाचित त्याहून जास्त काही. ते तुम्ही दोघांनी सोसायचं, त्याने नाही.

नव्या शाळेत गेला की वाढदिवसाला वर्गातली मुलं घरी बोलवा. पत्ता त्याच्याच हातून लिहून घ्या.