अंगणवाडी सेविकेला मानधन की पगार?

प्रश्न : पाहुण्या वक्त्याला मानधन देतात आणि अंगणवाडी सेविकेलाही मानधनच. मग मानधन आणि वेतन यांत फरक काय? लेखात 'सेविकेचा पगार' लिहिलं तर चुकेल का?

उत्तर : आकडा कोण ठरवतं, यात सगळा फरक आहे. वेतन कामाच्या बदल्यात मिळतं. ते ठरलेलं असतं, थकलं तर मागता येतं. मानधनात 'मान' आधी येतो. वक्त्याने पाकीट उघडून 'हे कमी आहे' म्हणायचं नसतं. कीर्तनकाराची बिदागी, भटजींची दक्षिणा याच कुळातली. देणाऱ्याची इच्छा, घेणाऱ्याचा संकोच.

एका संध्याकाळच्या व्याख्यानाला हा संकोच शोभतो. पण १९७५ साली अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना आली, ती गावातली बाई समाजसेवा म्हणून हे काम करील असं धरून. म्हणून ती 'सेविका', तिच्या जोडीची 'मदतनीस' आणि हाती पडतं ते मानधन. आज ती मुलांना आहार देते, त्यांची वजनं-उंची घेते, ते आकडे मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरते आणि गरोदर बायकांच्या घरी जाऊन येते. काम वाढत गेलं, शब्द तोच राहिला आणि धोरण शब्दाला धरून बसलं. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीच आला. किमान मानधनाचा कायदा नाही!

गुजरातमधल्या सेविकांनी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, मागितली तेव्हा सरकारी बाजूने हेच सांगितलं गेलं, की मानधन म्हणजे वेतन नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी ते मानलं नाही. हे पूर्णवेळ काम आहे आणि ग्रॅच्युइटी कायद्यापुरतं मानधन हे वेतनच, असा निर्णय दिला.

आमदारही लोकांची सेवाच करतात, पण त्यांना 'वेतन व भत्ते' मिळतात, तेही १९५६च्या कायद्याने. आशाताई, पोलीस पाटील, सरपंच यांच्या वाट्याला मानधन. ही उतरंड मला खटकते.

तुमच्या लेखापुरतं सांगायचं तर शासन निर्णयाचा हवाला देताना 'मानधन' तसंच ठेवा. स्वतःच्या वाक्यात 'पगार' बेधडक लिहा. 'मानधन नको, वेतन हवं' ही सेविकांची जुनी मागणी आहे, आणि एरवी आपसात बोलताना त्याही 'पगार झाला का?' असंच विचारतात.