इमर्जन्सीत रक्ताचे रिपोर्ट यायला दोन-दोन तास का लागतात? लॅबवाले मुद्दाम उशीर करतात का?

मुद्दाम कोणी करत नाही. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं काढली, त्यातल्या निम्म्या रात्रपाळ्या. म्हणून जरा चिडूनच लिहितेय.

पिवळ्या टोपणाच्या बल्बमधलं (रक्त घेतात त्या छोट्या नळीतलं) रक्त नीट गोठायलाच अर्धा तास लागतो. घाई करून आधीच फिरवलं तर सिरममध्ये (गुठळीवरच्या पातळ भागात) तंतू राहतात आणि मशीनची सुई तुंबते. मग सेंट्रिफ्यूजची, म्हणजे रक्त गरगर फिरवणाऱ्या यंत्राची, दहा मिनिटं, मग मशीन. सगळं सुरळीत झालं तरी तास धरून चला.

सुरळीत न झाल्याचा किस्सा आमच्या घरातलाच आहे. मामांना रात्री धायरीहून आणलं. वय ७२, दोन दिवस जुलाब, बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडले. मी तळमजल्यावर ड्यूटीला. सॅम्पल लावलं तर पोटॅशियम ८.९! असायला हवं ३.५ ते ५. जुलाबाने किडनीवर आलेला ताण, त्यात बीपीची टेल्मिसार्टन चालू, म्हणजे वाढलेलं असणं अगदी पटण्यासारखं. पटण्यासारखं होतं, तीच तर भीती. कारण खालच्या ओळीत कॅल्शियम ४.२, म्हणजे फारच कमी होतं आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइमही पार तळाला. ही तीन एकत्र दिसली की आमच्यातलं नवखं पोरही सांगेल, जांभळ्या बल्बमधलं रक्त पिवळ्यात ओतलंय. जांभळ्यातलं ईडीटीए हे पोटॅशियमचंच मीठ, आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून तर त्यातलं रक्त गोठत नाही. मामांची शीर सापडेना, पिवळ्यात रक्त कमी पडलं, इंटर्नने जांभळ्यातून थोडं 'ॲडजस्ट' केलं.

मी रिपोर्ट अडवला. वर फोन करून नवीन सॅम्पल मागितलं, आणि पोटॅशियम खरंच एवढं असेल तर हृदयावर परिणाम दिसू शकतो म्हणून ईसीजी कसा आहे विचारलं. इंटर्न म्हणतो, "मॅडम, तुम्ही फक्त व्हॅल्यू सांगा, बाकी आम्ही बघतो." तेवढ्यात खिडकीशी माझा मामेभाऊ, दादा. "घरचं माणूस आत बसलंय आणि दोन तास रिपोर्ट नाही? बटण दाबायचं तर काम!" पन्नास माणसांसमोर.

दुसऱ्या सॅम्पलला पोटॅशियम ४.४, कॅल्शियम ८.९. पहिला रिपोर्ट सोडला असता तर वर पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन चढलं असतं, नॉर्मल पोटॅशियम खाली ओढलं गेलं असतं, साखरही. त्या दोन तासांत मामा वाचले असं मी म्हणत नाही, पण ते नको ते औषध त्यांना गेलं नाही. तेव्हा दादाला काही बोलले नाही, कारण बोलायचं म्हणजे त्या पोराची चूक सगळ्यांपुढे मांडायची. दादा मात्र अजून प्रत्येक कार्यात, परवा कोथरूडच्या कार्यालयात पंगतीतसुद्धा, "आमच्या ताईची लॅब" म्हणून हशा पिकवतो.

हां, एक राहिलं. उपचार रिपोर्टसाठी थांबलेले नसतात. बेशुद्ध माणसाची साखर ग्लुकोमीटरवर लगेच बघतात, छातीत दुखत असेल तर ईसीजी दहा मिनिटांत व्हायला हवा, आणि त्यात अटॅक स्पष्ट दिसला तर ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीची) वाट कोणी बघत नाही. पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं तरी काही तासांनी परत करतात, ते पैशांसाठी नाही. सुरुवातीला ते वाढलेलं नसू शकतं. डायलिसिसच्या पेशंटचा ईसीजी वाढलेल्या पोटॅशियमसारखा बिघडलेला दिसला तर हृदय सांभाळायला कॅल्शियम आधी देतात, पोटॅशियमचा आकडा नंतर. आता बऱ्याच कॅज्युअल्टीत ब्लड गॅसचं मशीन असतं, त्यावर पोटॅशियम काही मिनिटांत कळतं. आमच्याकडे तेव्हा नव्हतं. आणि काही ठिकाणी गरज नसताना अख्खं पॅकेज लावतात, हेही खरं. "या तपासणीने उपचारात काय बदलेल?" असं विचारायला लाजू नका.

पण लॅबच्या खिडकीवर ओरडण्यापेक्षा पेशंटच्या चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. मामांची टेल्मिसार्टन मला घरची म्हणून माहीत होती, वर केसपेपरवर तिचा उल्लेखच नव्हता. पट्टी सापडली दुसऱ्या दिवशी, दादाच्या शर्टाच्या खिशात.