पिसो, स्पेक्ट्रम आणि पहिली लेव्हल

म्हापशाहून एका ताईंनी विचारलंय: ‘मुलगा सहा वर्षांचा. अहवालात “ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल 1” असं लिहिलंय. माझ्या मामेभावाला 2009 साली “ॲस्पर्जर” सांगितलं होतं. दोन्ही एकच का? मराठीत स्वमग्नता म्हणू की आत्ममग्नता? स्पेक्ट्रमला काय म्हणू? आणि लिहायचं कसं, ऑटिझम की ऑटिजम?’

ताई, ‘आत्ममग्न’ आधी खोडा. तो शब्द कवींनी आणि पुढाऱ्यांनी केव्हाच अडवून ठेवलाय. स्वतःच्या आरशापुढून न हलणाऱ्या माणसाला आपण आत्ममग्न म्हणतो, तो त्यांना लखलाभ असो. ‘स्वमग्नता’ मात्र शाळांत, दवाखान्यांत, वर्तमानपत्रांत रुळलाय, तोच वापरा. आता काही लेखणीबहाद्दर ‘स्वमग्न सरकार’ असंही लिहू लागलेत. सरकारला घालायला मराठीत शिव्या कमी पडल्या काय, की मुलांचा शब्द उचलावा लागतो?

खरं सांगायचं तर ‘स्वमग्न’वरही माझा राग आहे. संस्कृतात मज्ज् म्हणजे बुडणं, मग्न म्हणजे बुडालेला. म्हणजे हे मूल स्वतःत बुडालंय. कुणी पाहिलं? आमच्या शेजारचा मुलगा फोंड्याच्या बसस्टँडवर कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, गाड्या बघत तासभर उभा राहतो. हॉर्न वाजला की दोन्ही कानांवर हात. मी समोर गेलो तर ओळख दाखवत नाही, ‘काका’ म्हणत नाही, पण माझ्या खांद्यापलीकडे बघत सांगतो, ‘सातचाळीसची आज सात सेहेचाळीसला आली.’ हा स्वतःत बुडालाय? हा बसमध्ये बुडालाय! आणि ती सहा मिनिटं त्याला इतकी लागलीत की कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चूक मराठीची नाही, मुळातलीच आहे. ‘ऑटोस’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘स्वतः’. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानं 1910 च्या आसपास ‘आउटिस्मुस’ हा शब्द घडवला तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी, जगाकडे पाठ फिरवून आत शिरण्याच्या अवस्थेला. 1943 साली अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांबद्दल लिहिताना तोच शब्द उचलला, आणि वर हेही बजावलं की ही मुलं जगातून माघारी फिरलेली नाहीत, ती पहिल्यापासूनच अशी आहेत. शब्द उसना आणला, अर्थ परत केला, पावती मात्र अजून आपल्याकडेच आहे.

तरी आपलं बरं. केंद्राच्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या हिंदी नावात ‘स्वपरायणता’ आहे. परायण म्हणजे वाहून घेतलेला: कर्तव्यपरायण, धर्मपरायण. म्हणजे मूल स्वतःला वाहून घेतलेलं! एका कचेरीत माझ्या देखत कारकुनानं ते ‘स्वपारायण’ असं वाचलं, आणि रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, ‘सप्ताह खंय आसा?’

मामेभावाचं थोडक्यात. तेव्हाचं ‘ॲस्पर्जर’ आजच्या नावात आलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेत ते 1994 साली वेगळं निदान म्हणून दाखल झालं. ढोबळ अट अशी, की मूल वेळेवर बोलू लागलेलं असावं आणि बुद्धीच्या वाढीत मागे नसावं. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत ते वेगळं खातं बंद झालं, आणि ज्यांचं निदान आधीच पक्कं होतं त्यांना नव्या नावाखाली घ्यावं अशी टीप आली. भाऊ बदलला नाही, बरा झाला नाही, बिघडलाही नाही. कपाटातल्या फाइलचं लेबल बदललं. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2022 च्या जानेवारीपासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तेच केलंय. ज्यांच्या नावावरून ते निदान ओळखलं गेलं त्या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांचा मूळ लेख 1944 चा. तो इंग्रजी जगापुढे आणला ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी, 1981 साली. पुढे 2018 मध्ये हर्विग चेक या इतिहासकारानं कागदपत्रांतून दाखवलं, की अपंग मुलांना मारणाऱ्या नाझी यंत्रणेकडे ॲस्पर्जर यांनी मुलं पाठवली होती. म्हणून आता पुष्कळांना ते नावच नकोसं झालंय. काहींनी मात्र वर्षानुवर्षं तेच स्वतःचं म्हणून वापरलंय, ते सोडत नाहीत. तुमच्या भावालाच विचारा.

आता स्पेक्ट्रम. ही माझी आवडती गल्ली आहे, तेव्हा जरा बसा.

‘स्पेक्ट्रम’ हा लॅटिन शब्द. अर्थ: दिसलेलं काहीतरी, आभास, आणि चक्क भूत! इंग्रजीतलं भुताचं ‘स्पेक्टर’ त्यातूनच आलं. सतराव्या शतकात न्यूटननं लोलकातून भिंतीवर पडलेल्या रंगांच्या पट्ट्याला हे नाव दिलं. धातू ‘बघणे’ या अर्थाचा, आणि तो आपल्याही घरचा आहे. वैदिक संस्कृतात ‘स्पश्’ म्हणजे बघणं, आणि बघणारा हेरसुद्धा. वरुणाचे ‘स्पश’ सगळीकडे डोळे लावून असत. त्याच धातूचं ‘स्पष्ट’: नीट दिसलेलं. म्हणजे स्पेक्ट्रम आणि स्पष्ट सख्खे चुलतभाऊ. एकाला भूत दिसलं, दुसऱ्याला लख्ख दिसलं!

आणि आता आपल्या गोव्यात या. असल्या मुलाला गाव काय म्हणायचं? ‘पिसो.’ कोकणीतला पिसो, मराठीतला पिसा, वेडापिसा, पिसाट, पिसाळलेलं कुत्रं, हे सगळं ‘पिशाच’ या शब्दाचं गणगोत. पिसो म्हणजे भुतानं झपाटलेला. गावानं मुलाला भुताच्या नावानं हाक मारली म्हणून शहाण्यांनी नाक मुरडलं आणि त्याजागी जो शब्द आणून बसवला त्याच्या पोटातही भूतच! ही गंमत मला कळली त्या रात्री मी जेवण अर्धवट टाकून कोश काढून बसलो होतो.

मडगावचे आमचे एक स्नेही ‘पिसा’ हा ‘पीस’वरून आला असं चारचौघांत सांगतात. वाऱ्यावर उडणाऱ्या पिसासारखं ज्याचं मन, तो पिसा. काव्य म्हणून झकास, व्युत्पत्ती म्हणून शून्य. तीनदा दाखले दिले, तिन्हीदा त्यांनी चहा मागवून विषय बदलला.

याहून वाईट ते परिभाषावाले, जे ‘स्वमग्नता वर्णक्रम विकृती’ असा तीन मजली शब्द बांधतात. मराठीत ‘विकृत’ कुणाला म्हणतात हे यांना ठाऊक नाही का? सहा वर्षांच्या पोराला विकृती चिकटवता? ‘विकार’ म्हणा एक वेळ. आणि ‘ऑटिझमग्रस्त’ही नको. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणात राहू ग्रासतो तसा. नुसतं ‘ऑटिझम असलेला’ किंवा ‘ऑटिस्टिक’ म्हणा. ऑटिझम घेऊन मोठी झालेली माणसं स्वतःसाठी बरेचदा यातला दुसरा शब्द पसंत करतात.

स्पेक्ट्रमला मी ‘पट’ म्हणतो. वर्णपट नको, पट्टी तर नकोच. सगळा घोळ पट्टीनं केलाय. लोकांच्या डोक्यात फूटपट्टी असते, एका टोकाला थोडा ऑटिझम, दुसऱ्या टोकाला खूप. मग ‘आपण सगळेच थोडेफार स्पेक्ट्रमवर असतो’ हे वाक्य येतं, जे ऐकून माझा चहा थंड होतो. नाही हो, नसतो! पुस्तकं कपाटात लावायची सवय म्हणजे ऑटिझम नव्हे.

पट म्हणजे कापड. त्यात उभा ताणा असतो, आडवा बाणा असतो. डीएसएमच्या निकषांतही दोन बाजू आहेत: एक, लोकांशी संवाद आणि वावर, दुसरी, तेच ते करणं, ठरावीक गोष्टींत रमणं, आवाज-स्पर्श-उजेड फार किंवा फारच कमी जाणवणं. लेव्हल या दोन्हींसाठी वेगवेगळी सांगायची असते. एकीकडे 1 आणि दुसरीकडे 2 असं असू शकतं. कुणबी साडीतल्या चौकड्या उभ्या-आडव्या धाग्यांनी उठतात, नुसता एक धागा हातात धरून चौकडी सांगता येत नाही. हा ताणाबाणा माझा पदरचा, कोशात शोधू नका.

लेव्हलचं राहिलं. बसस्टँडवरच्या त्या मुलाचा अहवाल आला तेव्हा त्याच्या आजीनं कागद उलटासुलटा बघून विचारलं, ‘लेवल वन? मागीर फुडल्या वर्सा टू?’ शाळेत पहिलीनंतर दुसरी, तसं. सून रडायची ती हसली. आजीचा दोष काय? ‘लेव्हल’ म्हटलं की आपल्याला वर चढणंच आठवतं. इथं आकडा मुलाला किती आधार लागतो त्याचा आहे: 1 म्हणजे आधार हवा, 2 म्हणजे बराच, 3 म्हणजे फारच. वय, जागा, माणसं बदलली की गरजही बदलते. म्हणून मी ‘आधार-पातळी’ म्हणतो. जोडशब्दात ‘आधार’ पुढे असला की आजी पुढची इयत्ता विचारत नाही.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलात तर तिथं ‘सौम्य’, ‘मध्यम’ असे शब्द भेटतील. गोंधळू नका, ते वेगळ्या मापाचे. आपल्याकडच्या ऑटिझमच्या भारतीय मूल्यमापन श्रेणीत चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 ते 106 आली तर सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यावर तीव्र. लेव्हल 1 म्हणजेच सौम्य असं समीकरण मांडायला कुणी सांगितलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर लेव्हलच नाहीत. तिथं बौद्धिक अक्षमता सोबत आहे का आणि भाषा कितपत वापरता येते, यावर पोटभेद पाडलेत. तीन कागद, तीन मापं, मूल एकच. आणि तिन्ही मापं बघूनच घेतलेली, रक्ततपासणीत काही सापडत नाही. पुन्हा तेच: स्पश्.

हो, तुमचा शेवटचा प्रश्न. ‘ऑटिझम’ लिहा, ‘झ’ने. आणि तो झ झाडातला, झेंड्यातला नव्हे.