कोरड्या मुलखाच्या शंका

उन्हाळा लागला की त्याच त्या शंका येतात. एकदाच उत्तरं देऊन टाकतो.

प्रश्न : उंट कुबडात पाणी साठवतो ना? मुलाच्या गाईडमध्ये तसंच छापलंय. (मोहोळ)

नाही, कुबडात चरबी असते. गाईड बदला.

प्रश्न : सोलापूरचं वाळवंट होणार, असा मेसेज फिरतोय. खरं का? (अक्कलकोट)

वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस म्हणजे वाळवंट, असा ढोबळ हिशेब आहे. आपण पर्जन्यछायेत असलो तरी आपली सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. आणि खऱ्या वाळवंटातही शेती होते : जैसलमेरकडे लोक खडीन बांधतात. उताराला आडवा बांध घालून पावसाचं पाणी रानात जिरवतात आणि त्या ओलीवर रब्बी घेतात. मंगळवेढ्याची ज्वारी तरी कशावर येते? मेसेज पुढे ढकलण्याआधी आपले फुटलेले बांध बघा.

प्रश्न : ड्रॅगन फ्रूट वाळवंटातलं, त्याला पाणी लागत नाही, असं रोपवाला म्हणतो. दोन एकर लावू का? (सांगोला)

रोपवाल्याला रोपं खपवायची आहेत. हे निवडुंगच, पण मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर चढणारं, अर्ध्या सावलीतलं. पर्णरंध्रं, म्हणजे श्वासाची बारीक छिद्रं, दिवसा मिटून रात्री उघडतं म्हणून पाणी कमी लागतं. कमी म्हणजे शून्य नव्हे. आपल्या मे महिन्याच्या उन्हात फांद्या पिवळ्या पडून करपतात. ड्रिप आणि सावलीचा खर्च धरा, माती तपासा, कृषी विज्ञान केंद्रात विचारा. वेल चढवायच्या खांबांचा ॲडव्हान्स त्यानंतर.

प्रश्न : गावाजवळचा माळ ओसाड आहे. मंडळातर्फे हजार झाडं लावायची आहेत. कोणती लावू? (उत्तर सोलापूर)

एकही नको. माळ ओसाड नसतो हो! वीतभर मुरमाड मातीत जे टिकतं ते तिथे आधीच उगवलेलं आहे. कुसळी गवताचं एक बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. पिळलेलं कुसळ उलगडत गरगर फिरू लागेल. असंच फिरत ते बी जमिनीत घुसवतं. पाऊस येईपर्यंत बी मातीत सुरक्षित!

या गवतावर मेंढरं जगतात, काळवीट जगतात, त्यांच्यामागे लांडगा. माळढोक तर उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला लांबवर दिसायला हवं. आपल्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. कारणं अनेक आहेत, पण माळावर गिरिपुष्पासारखी परकी झाडं लावण्याचा उत्साह त्यातलंच एक. आणि तुम्ही जेसीबीनं खड्डे काढणार, फोटो काढणार, दोन उन्हाळे टँकर घालणार. पुढं?

झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी, बांधावर, शाळेच्या आवारात लावा. कडुनिंब, बाभूळ, बोर चालेल. तरी आधी जमीन कोणाची ते तलाठ्याकडे आणि वनविभागाकडे विचारा. तिथे मेंढरं चारणाऱ्या धनगरांनाही विचारा. त्यांना कोणी विचारत नाही.

प्रश्न : कुंपणाच्या शेराचा चीक नातवाच्या डोळ्यात गेला. शेजारी म्हणतात दूध घाला. काय करू? (बार्शी)

दूध नाही, मध नाही, काही नाही. जनावरानं तोंड लावू नये म्हणून झाडानं बाळगलेलं ते जहाल हत्यार आहे. स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. बुबुळाला इजा होते. अशा वेळी पत्र लिहीत बसतात का? अजून दाखवलं नसेल तर आज दाखवा, लाली उतरली असली तरी.